रामनदीसाठी स्वतंत्र ‘नदी उद्यान क्षेत्र’ करता येईल का? अधिकार, पैसा आणि कामांचा क्रम

बावधनवासी

रामनदी भुकूम-खाटपेवाडीच्या डोंगरात उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण तलाव, सुतारवाडी, सोमेश्वरवाडी असं करत औंधजवळ मुळेला मिळते. लांबी सुमारे अठरा किलोमीटर. एवढ्या अंतरात पुणे महापालिका, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), ग्रामपंचायती, जलसंपदा आणि महसूल अशी पाच दारं आहेत. कुठल्याही दाराशी गेलं की पुढचं दार दाखवतात.

अमेरिकेत काही शहरांत नदीकाठच्या बागांसाठी वेगळी स्थानिक संस्था असते, तिला ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. तिची हद्द वेगळी, कर वेगळा, मंडळ वेगळं. सेंट लुईसची ग्रेट रिव्हर्स ग्रीनवे ही त्यातली एक. आमच्या भागातल्या सोसायट्यांचा महासंघ महापालिकेला लेखी प्रस्ताव देणार आहे, म्हणून जाणकारांना विचारतो:

१. असा ‘जिल्हा’ किंवा प्राधिकरण महाराष्ट्रात कायद्याने उभं राहू शकतं का? कशाखाली?
२. पैसा कुठून येईल?
३. कामांचा क्रम काय असावा? सध्या जिथे तिथे भिंती बांधणं आणि जेसीबीने खोलीकरण एवढंच दिसतं.
४. बागेत काय बांधावं आणि काय अजिबात बांधू नये?

‘लोकसहभाग वाढवा’ छापाचे प्रतिसाद नकोत, कृपया. कलमं, मापं, आकडे हवेत.

---

कलम_सदतीस

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

सेंट लुईसचं उदाहरण चांगलं आहे, पण त्याचा कणा आपल्याकडे नाही. तिथे २००० साली सेंट लुईस शहर, सेंट लुईस काउंटी आणि सेंट चार्ल्स काउंटी इथल्या मतदारांनी मतदान करून स्वतःवर विक्रीकर लावून घेतला. दर होता डॉलरच्या खरेदीमागे सेंटचा दहावा भाग, म्हणजे ०.१ टक्का. २०१३ मध्ये मतदानानेच त्यात आणखी भर पडली. म्हणजे संस्था आणि तिचं उत्पन्न एकाच मतपत्रिकेतून जन्माला आलं. आपल्याकडे राज्यघटनेच्या २४३-एक्स अनुच्छेदानुसार विधिमंडळ परवानगी देईल तेवढाच कर स्थानिक संस्थेला लावता येतो. नागरिकांनी मतदान करून कर बसवण्याची सोयच नाही. त्यात जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आणि जीएसटीनंतर महापालिका राज्याच्या भरपाईवर बसली आहे.

उद्यानं बाराव्या अनुसूचीनुसार महापालिकेचा विषय. पाणी राज्याचा. तुमची पाच दारं इथूनच सुरू होतात.

कायद्याने चार वाटा दिसतात.

पहिली, विधिमंडळाचा स्वतंत्र कायदा. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने उभा राहिला, तसा. सगळ्यात भक्कम, आणि एका अठरा किलोमीटरच्या नदीसाठी होण्याची शक्यता सगळ्यात कमी.

दुसरी, एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) अधिनियम १९६६, कलम ४०: विशेष नियोजन प्राधिकरण. राज्य शासन अधिसूचना काढून ठरावीक क्षेत्रापुरतं नियोजन आणि बांधकाम परवानगीचे अधिकार दुसऱ्या संस्थेकडे देतं. कागदावर तुमच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारी वाट हीच. अडचण अशी की परवानगीबरोबर विकास शुल्क आणि प्रीमियमही त्या संस्थेकडे जातात, त्यामुळे महापालिका आनंदाने होकार देणार नाही. शिवाय ज्या संस्थेचं पोट बांधकाम परवानग्यांवर भरतं, ती काठ मोकळा ठेवायला कितपत उत्सुक असेल याचा विचार करा.

तिसरी, महापालिकेच्या मालकीची कंपनी. अहमदाबादने १९९७ मध्ये साबरमती रिव्हरफ्रंट डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन अशीच काढली. कंपनी कामं पटापट करते हे खरं. पण तिथलं पैशाचं गणित नदीपात्र आवळून मिळालेल्या सुमारे दोनशे हेक्टर जमिनीवर उभं होतं, आणि पात्रातलं पाणी नर्मदेच्या कालव्याचं, वासणा बंधाऱ्याने अडवलेलं. रामनदीला कालवा नाही आणि विकायला जमीनही निघू नये. ही वाट मी तरी सुचवणार नाही.

चौथी, महापालिकेतच मुख्य सभेच्या ठरावाने कक्ष: ठरलेली हद्द, स्वतंत्र लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातली वेगळी नोंद), एक जबाबदार अधिकारी. दिसायला सगळ्यात फिकी आणि सहा-आठ महिन्यांत होण्यासारखी एकमेव. सुरुवात इथूनच करा.

नुसत्या ‘प्राधिकरण’ या नावाला भुलू नका. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर पुढच्याच महिन्यात मिठी नदीसाठी प्राधिकरण स्थापन झालं, अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. पण १७.८४ किलोमीटरपैकी ११.८४ किलोमीटरचं काम मुंबई महापालिकेकडे आणि ६ किलोमीटरचं एमएमआरडीएकडेच (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) राहिलं. टेंडर ज्याचं, नदी त्याची.

पैशाबद्दल. एमआरटीपीच्या प्रकरण ६-अ खाली महापालिका विकास शुल्क घेते. मेट्रोसारख्या नागरी परिवहन प्रकल्पांसाठी ते दुप्पट करण्याची तरतूद कायद्यात दुरुस्ती करून आणली गेली. नदीसाठी वेगळा अधिभार हवा असेल तर तशीच दुरुस्ती लागेल. हे आमदारांकडून मांडून घेण्याचं काम, महापालिकेच्या हातात नाही. तोपर्यंत रामनदीच्या पाणलोटातल्या बांधकामांतून जमा होणाऱ्या विकास शुल्काचा ठरावीक हिस्सा या लेखाशीर्षाला राखून ठेवण्याचा ठराव महापालिका करू शकते. भांडवली खर्चाला केंद्राच्या अमृत २.० योजनेत जलस्रोत पुनरुज्जीवनाचा घटक आहे. पण केंद्राचा पैसा बांधायला मिळतो, सांभाळायला मिळत नाही.

---

भूमापक

वरच्या प्रतिसादातला ‘ठरलेली हद्द’ हा शब्द वाचायला सोपा आहे, प्रत्यक्षात सहा महिने खातो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २० नुसार नद्या, नाले, ओढे आणि त्यांची पात्रं शासनाची. पण हे लागू कुठे होतं, तर गाव नकाशात नदी किंवा नाला म्हणून वेगळा दाखवलाय तिथे. सर्व्हे नंबरच्या पोटातून जाणारा ओढा बहुतेक ठिकाणी सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीलायक नसलेला भाग) म्हणून मालकाच्याच नावावर असतो. रामनदीला मिळणाऱ्या बारक्या ओढ्यांचं असंच असण्याची शक्यता धरा. तिथे ‘सरकारी जागा’ म्हणून काम सुरू केलं की पहिल्याच आठवड्यात मनाई हुकूम येतो.

क्रम असा ठेवा. भूमी अभिलेख कार्यालयातून प्रत्येक गावाचा मूळ गाव नकाशा आणि काठालगतच्या सर्व्हे नंबरांचे फाळणी नकाशे काढा. त्यावर मंजूर विकास आराखड्यातलं पात्र, हरित पट्टा आणि आरक्षणं चढवा. तिसरा थर आजच्या उपग्रह चित्राचा. तिन्ही थर जुळत नाहीत तिथे लाल खूण करा. सगळ्या अठरा किलोमीटरची मोजणी मागू नका, लाल खुणेचे तुकडे तेवढे मागा. मोजणीचा अर्ज महापालिकेने करायचा, महासंघाने नाही. अर्जदाराचा जमिनीशी संबंध दाखवावा लागतो.

हद्दीचे दगड बसवताना अक्षांश-रेखांश नोंदवून यादी ठरावाला जोडा. दगड उपटले जातात, यादी राहते.

खासगी पट्टा ताब्यात घ्यायचा तर आधी त्यावर आरक्षण हवं. नसेल तर एमआरटीपीच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो: ठराव, सूचना प्रसिद्ध, हरकतींसाठी एक महिना, मग शासनाची मंजुरी. त्यानंतर कलम १२६ नुसार मोबदला. पैशाऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) दिला तर गावठाणाबाहेर जमिनीच्या दुप्पट द्यावा लागतो. म्हणून आराखड्यात आधीच हिरवा असलेला तुकडा पहिल्यांदा करा. आणि पूर्ण नदी एका पॅकेजमध्ये घालू नका, एका सर्व्हे नंबरच्या वादाने सगळं अडतं.

---

पूररेषा

प्रश्न ३ आणि ४ चा पाण्याच्या बाजूने विचार.

रामनदीवर मोठं धरण नाही, म्हणजे पाणी सोडल्याचा भोंगाही नाही. डोंगरात ढग फुटला की एक-दोन तासांत पाणी खाली येतं. ऑक्टोबर २०१० मध्ये तेच झालं. आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तेच झालं. तेव्हा बाग बुडणार हे धरूनच तिचा आराखडा करा.

नकाशावर पूररेषा दोन: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बाग, हिरवळ, मोकळं पार्किंग, मलनिस्सारण वाहिन्या असले वापर चालतात, नवी इमारत चालत नाही. निळ्या-लाल रेषांमध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर. हा झाला एकत्रित विकास नियमावलीतला नियम. पण रेषा कोणत्या वर्षीच्या अभ्यासावर आखली आहे, ते जलसंपदाकडून लेखी घ्या. पाणलोटात शेती होती तेव्हाची रेषा आज खोटी ठरते. उदाहरण म्हणून एका ८०० हेक्टरच्या ओढ्याचा हिशोब करू. पाऊस तासाला ६० मिमी. शेती असताना वाहून जाण्याचा गुणांक ०.३५ धरला तर ०.३५ × ६० × ८०० ÷ ३६० = सुमारे ४७ घनमीटर प्रति सेकंद. सिमेंट झाल्यावर ०.६५, म्हणजे ८७. पाऊस तोच, पूर जवळजवळ दुप्पट. (हे सूत्र लहान पाणलोटापुरतंच वापरा. पूर्ण रामनदीसाठी प्रत्यक्ष काटछेद (पात्राचे आडवे छेद) घेऊन संगणकीय प्रारूप करावं लागेल. काटछेद ५० मीटरवर, शिवाय प्रत्येक पुलाच्या वर आणि खाली एक-एक.)

आता भिंती. भिंत बांधली की काठ सुरक्षित झाला असं वाटतं. गवत-झुडपांच्या पात्राचा खडबडीतपणाचा गुणांक ०.०५ च्या आसपास, गुळगुळीत काँक्रीटचा ०.०१५. त्याच उतारात, तेवढ्याच खोलीला पाणी तिपटीहून जास्त वेगाने जातं आणि भिंत संपते तिथल्या पहिल्या वळणावर मातीचा काठ कापतं. मग तिथल्या सोसायटीला भिंत हवी होते. असं करत करत ठेकेदार संगमापर्यंत पोहोचतो.

दुसरी भानगड फार कमी लोक बघतात. भिंतीमागच्या गल्लीचं पावसाळी पाणी नदीत जायला पाइप ठेवतात आणि नदीचं पाणी उलटं येऊ नये म्हणून तोंडाला झडप बसवतात. झडपेत दुधाची पिशवी किंवा चप्पल अडकली की ती अर्धी उघडी राहते. नदी चढते, पाणी उलटं पाइपातून गल्लीत येतं, आणि आता भिंतीमुळे ते परत जाऊही शकत नाही. पाणी शिरलेल्या तळमजल्यांची पाहणी करताना आधी झडप बघा, मग भिंतीची उंची.

खोलीकरण: तळ एक मीटरने खाली गेला की काठाचा पायथा आणि पुलाचा पाया उघडे पडतात. काढलेला गाळ काठावरच रचला तर जुलैत पुन्हा पात्रात. गाळ उचलून नेण्याचं अंतर आणि टाकायची जागा टेंडरमध्ये लिहा, नाहीतर तो उचललाच जात नाही.

त्याआधी करण्यासारखं सगळ्यात स्वस्त काम म्हणजे पाइपांचे साकव काढणं. बाराशे मिमीचे तीन ह्यूम पाइप टाकून वर काँक्रीट ओतलेलं असतं. तिन्ही मिळून पाण्याला वाट ३.४ चौरस मीटर. पहिल्या लोटात झुडूप आणि प्लास्टिक आलं की एक पाइप बंद, आणि पाणी बाजूने रस्ता काढतं. त्या जागी एका गाळ्याचा पेटी-पूल घाला. मधला खांब नको, कचरा तिथेच अडतो.

बागेत काय नको ते थोडक्यात. निळ्या रेषेच्या आत जाळीचं कुंपण नको. त्यावर कचरा साठून ते बांधासारखं पाणी अडवतं आणि मग मुळासकट उपटून पुढच्या पुलाला जाऊन अडकतं. रबराची खेळण्याची जमीन नको, खालून पाणी शिरलं की पत्र्यासारखी उचलली जाते. दिवे लावायचेच असतील तर जोडपेट्या लाल रेषेच्या वर. बाक दगडी. पायवाट मुरुमाची, नदीला समांतर आणि जमिनीच्या पातळीला. भराव घालून उंच केलेली पायवाट म्हणजे दुसरा बांधच. स्वच्छतागृह, मुलांची खेळणी, पंपघर हे सगळं वरच्या टप्प्यावर.

---

बावधनवासी

फार उपयोगी. एक मूळ शंका राहिली. उन्हाळ्यात नदीत दिसतं ते पाणी जवळपास सगळं सांडपाणीच आहे. ते अडवलं तर नदी कोरडी पडेल, आणि कोरड्या नदीसाठी उद्यान कशाला, असं विचारणारे सभेत असतीलच. शिवाय ‘पात्रातच वनस्पतींनी पाणी शुद्ध करा, एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) नको’ असाही एक गट आहे.

---

चेंबर

कोरडी पडेल, खरं आहे. ही मुळात पावसाळी नदी आहे. फेब्रुवारीनंतर डोहांत पाणी आणि मध्ये खडक हेच तिचं रूप. सांडपाण्याला नदीचं पाणी समजून आराखडा केला की बाग पहिल्याच एप्रिलमध्ये वासाने रिकामी होते.

वनस्पतींच्या गटाला हा हिशोब दाखवा. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा, त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे १०८ लिटर. पन्नास हजार वस्तीचे ५.४ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर). कच्चं सांडपाणी पाणथळीने शुद्ध करायला उष्ण हवेत माणशी किमान एक ते दोन चौरस मीटर जागा लागते, म्हणजे पाच ते दहा हेक्टर. तेवढी सपाट जागा काठावर नाही. आणि पात्रात लावलेलं एका पुरात जातं. पाणथळ एसटीपीतून बाहेर पडलेल्या पाण्यावर शेवटचा हात फिरवायला उत्तम, कच्च्या मैल्याला नाही.

तेव्हा आधी मोजा. डिसेंबर ते मार्च, पाऊस नसताना. नदीकाठाने चालत, नदीत पाणी सोडणाऱ्या प्रत्येक तोंडाची नोंद: ठिकाण, पाइपचा व्यास, रंग, वास, प्रवाह. प्रवाह मोजायला ९० अंशांची व्ही-खाच कापलेली पत्र्याची फळी पुरते. ती आडवी बसवा, बाजूने गळती चिकणमातीने बंद करा, आणि खाचेच्या तळापासून पाण्याची उंची मोजा. मोजपट्टी फळीपाशी धरू नका, तिथे पाणी खाली वाकतं. उंचीच्या तीन-चार पट मागे धरा. उंची १५ सेंमी असेल तर १ एमएलडी, २० सेंमीला २.१, ३० सेंमीला ५.९. पंधरा सेंमीवरून तीसवर जाताना प्रवाह दुप्पट होत नाही, पावणेसहा पट होतो. त्यामुळे एका सेंमीची चूकही महागात पडते. सकाळी सात ते नऊ सगळ्यात जास्त, पहाटे तीनला सगळ्यात कमी. दुपारी एकदा मोजलेला आकडा चोवीस तासांचा म्हणून छापू नका.

ओढ्यात दिसणारं स्वच्छ पाणी झऱ्याचं की घरातलं, हे कळायला एक सोपी चाचणी आहे. कापडाला पांढरेपणा देणारं रसायन नसलेला साधा कापूस जाळीत बांधून तीन-चार दिवस प्रवाहात ठेवायचा, धुऊन सुकवायचा आणि अंधारात अतिनील दिव्याखाली धरायचा. निळसर चमकला तर कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी आहे. झरा चमकत नाही.

पावसाळी गटारातून मैला येत असेल तर नवीन लाइन टाकायच्या आधी धूर सोडून किंवा रंग टाकून कुठल्या इमारतीची जोडणी चुकीची आहे ते शोधा. दहा चुकीच्या जोडण्या बदलणं हे नदीतून नवी वाहिनी नेण्यापेक्षा स्वस्त.

वाहिनी टाकायचीच तर पात्रातून नको, काठाने. तीनशे मिमीला उतार किमान ३०० ला १, म्हणजे कमाल प्रवाहाला वेग सेकंदाला ०.८ मीटर मिळतो. त्याहून कमी दिलात तर वाळू बसते आणि दुसऱ्या वर्षी चेंबर उसळायला लागतात. सरळ रांगेत चेंबर ३० मीटरवर. कमाल प्रवाह सरासरीच्या दोन ते तीन पट धरावा लागतो, वस्तीप्रमाणे. चेंबरचं झाकण निळ्या रेषेच्या वर न्या. शक्य नसेल तर बोल्टचं, रबरी पट्टीचं झाकण. पात्रातल्या चेंबरची झाकणं पुरात उडतात, नदी वाहिनीत शिरते आणि खालचा एसटीपी दोन दिवस माती गाळत बसतो. मुळा-मुठेसाठी जायका या जपानी संस्थेच्या मदतीने ३९६ एमएलडीचे ११ एसटीपी हाती घेतलेत, ते चांगलंच. पण मैला एसटीपीपर्यंत पोहोचला नाही तर क्षमतेचा आकडा फलकावरच.

नदीत उन्हाळ्यात थोडं पाणी हवंच असेल तर शुद्ध केलेलं पाणी वर नेऊन सोडता येतं. १ एमएलडी म्हणजे सेकंदाला साडेअकरा लिटर. दोन मीटर रुंद, दहा सेंमी खोल असा संथ प्रवाह तेवढ्यात दिसतो. मात्र बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) १० च्या खाली, नायट्रोजन १० आणि फॉस्फरस १ मिग्रॅ प्रति लिटरच्या आत हवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये हीच पातळी सांगितली आहे. वाटेत पाषाण तलाव आहे. फॉस्फरस जास्त असलेलं पाणी तलावात सोडणं म्हणजे जलपर्णीला खत घालणं.

---

दोन_पैसे

वाचनखूण साठवली. एक विचारतो: भूगाव-भुकूम महापालिकेत नाहीत. वरून मैला येतच राहिला तर खालचं सगळं वाया जाणार ना?

---

कलम_सदतीस

@दोन_पैसे, अर्धं वाया जाईल. तो भाग पीएमआरडीएकडे आहे, म्हणजे बांधकाम परवानगी आणि भोगवटा पत्र त्यांच्या हातात. तिथे मागणी एवढीच ठेवा: नव्या गृहप्रकल्पाला भोगवटा पत्र देण्याआधी त्याचा एसटीपी चालू असल्याचा आणि बाहेर पडणारं पाणी कुठे जातं याचा नकाशासह दाखला घ्यावा. जुन्या वस्तीसाठी ग्रामपंचायतींना स्वतंत्र एसटीपी परवडत नाही. महापालिकेने ठोक दराने त्यांचा मैला हद्दीवर घ्यावा आणि त्याचे पैसे पीएमआरडीएने द्यावेत, असा त्रिपक्षीय करार सुचवा. हद्दीवर चेंबर एकच ठेवा, त्यात प्रवाहमापक. भांडण नेहमी किती आलं यावर होतं.

---

वाळुंज

लागवडीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

काठाचा उतार शक्य तिथे दोनास एक (आडवं दोन, उभं एक) किंवा त्याहून सपाट करा. त्याहून उभ्या उतारावर रोप तगत नाही. जागाच नसेल तर गॅबियन (तारेच्या जाळीत भरलेले दगड), पण मागे न विणलेलं जिओटेक्स्टाइल (माती अडवणारं कापड) हवंच. ते वाचवलं तर मागची माती दगडांतून धुऊन जाते आणि दोन पावसाळ्यांत पायवाट खचते. ठेकेदार हमखास वाचवतो तो थर हाच, कारण मोजणीच्या दिवशी तो दिसत नाही. दगड भरण्याआधीचा फोटो बिलाला जोडण्याची अट घाला.

पाण्याजवळच्या पट्ट्यात वाळुंज, शेरणी, लव्हाळे. वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड, पाऊण मीटर लांबीच्या फांद्या दोन तृतीयांश जमिनीत ठोकल्या तरी फुटतात, रोपवाटिका लागत नाही. शेरणी लवचिक असते, पुरात आडवी होते आणि परत उभी राहते. मधल्या उतारावर वाळा: ठोंबं १० ते १५ सेंमीवर, ओळी नदीला समांतर, दोन ओळींत उभं अंतर एक मीटर. सोबत निर्गुडी. वरच्या काठावर उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन. उंबर भिंतीच्या किंवा वाहिनीच्या जवळ नको, मुळं सांधे उघडतात.

सुबाभूळ कितीही फुकट मिळाला तरी नको. एकदा बी पडलं की पुढची कित्येक वर्षं काढत बसावं लागतं. लॉनही नको. त्याला रोज पाणी, आणि पुराने गाळ टाकला की सगळं पुन्हा.

लागवड पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर लगेच, जुलैच्या मध्यापर्यंत संपवा. ऑगस्टमध्ये मंत्र्यांची तारीख मिळते म्हणून थांबलात तर मुळं धरायला वेळ उरत नाही. पुढे तीन उन्हाळे पाणी: रोपाला आठवड्यातून दोनदा १०-१२ लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये आठशे-नऊशे रोपं होतात. तेव्हा किती रोपं लावायची हे खड्ड्यांच्या संख्येवरून नाही, टँकरवरून ठरवा. बिलही तिसऱ्या मे महिन्यात जिवंत असलेल्या रोपांवर द्या.

कचरा अडवायला तरंगती साखळी लावणार असाल तर प्रवाहाला काटकोनात बांधू नका. ३० ते ४५ अंशांत तिरकी, म्हणजे कचरा एका काठाला सरकतो आणि तिथून लोडरने उचलता येतो. दोन्ही टोकं पक्की बांधू नका. समोरच्या टोकाला ठरावीक ताणाला तुटणारा दुवा ठेवा, म्हणजे पुरात साखळी अखंड राहून काठाला लागते. नाहीतर ती वाहत जाते, आणि पाइपांचा साकव अजून काढलेला नसेल तर सरळ त्यातच.

---

बावधनवासी

सगळ्यांचे आभार. आता प्रस्तावाच्या ठरावात नेमकं काय लिहायचं?

---

कलम_सदतीस

दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. हद्द: भूमापक यांनी सांगितलेला तीन थरांचा नकाशा आणि दगडांची यादी परिशिष्टात, शब्दांत वर्णन नको. अधिकारी: अधीक्षक अभियंता दर्जाचा एकच. मलनिस्सारण, उद्यान, पथ आणि बांधकाम परवानगी या चारही खात्यांना या हद्दीतल्या कामासाठी त्याची लेखी सहमती बंधनकारक. एवढी ओळ राहिली नाही तर बाकी ठराव नसला तरी चालेल. ‘समन्वय साधावा’ हा शब्दप्रयोग मसुद्यात कुठेही दिसला तर खोडा.

लेखाशीर्ष दोन हवीत, भांडवली आणि देखभाल वेगळी. भांडवली कामाचं टेंडर काढताना त्याच कामाच्या पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम दुसऱ्या शीर्षात दाखवल्याशिवाय मंजुरी नाही, अशी अट. वर्गीकरणाने (एका शीर्षातली रक्कम दुसऱ्यात वळवून) रक्कम बाहेर नेता येणार नाही, हेही लिहा. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्गीकरणाचे ठराव येतात आणि नदीचा पैसा रस्त्याला जातो.

कामांचा क्रम ठरावातच बांधा: मोजणी आणि पूरअभ्यास, मैला वळवणं, साकव काढणं, काठाचा उतार, लागवड, शेवटी पायवाट आणि बाक. मागचं काम पूर्ण झाल्याचा दाखला असल्याशिवाय पुढचं टेंडर नाही. पायवाट आधी मागणारे भेटतीलच, कारण उद्घाटन पायवाटेचं होतं.

प्रस्ताव पुढच्या अंदाजपत्रकासाठी द्यायचा असेल तर दिवाळीच्या आत खात्याकडे पोहोचवा आणि आवक क्रमांक घ्या. त्यानंतर आलेला कागद बहुतेक वेळा पुढच्या वर्षावर जातो. आणि सोबत चेंबर यांनी सांगितलेली तोंडांची यादी जोडा. ती डिसेंबरनंतरच करता येते, म्हणून या वर्षी मोजा आणि पुढच्या दिवाळीआधी द्या.